कचकचून म्हणजे नेमकं किती?

पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड घरी बदलणं फार अवघड नाही. चाक काढायचं, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याचा, म्हणजे कॅलिपरचा, खालचा बोल्ट सोडायचा, कॅलिपर वर उचलून जुने पॅड काढायचे, पिस्टन आत ढकलायचा, नवे पॅड बसवायचे. हात बसला की एका चाकाला अर्धा तास पुरतो. शेवटची पायरी मात्र सगळे एका वाक्यात उरकतात: "आणि बोल्ट नीट आवळा." नीट म्हणजे किती? आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींना मी विचारलं होतं. ते म्हणाले, "कचकचून."

मग मी कचकचून आवळला. पान्याच्या दांडीत पाईप घालून आवळला. शेवटच्या पाव फेऱ्यात पाना एकाएकी हलका झाला आणि बोल्ट नुसताच गरागरा फिरू लागला. आटे गेले होते. बोल्टचे गेले असते तर निभावलं असतं, पण गेले ते बोल्ट ज्या पिनमध्ये बसतो तिच्या आतले. रविवारची दुपार, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टँडवर चढवलेली आणि स्पेअर पार्टची सगळी दुकानं बंद. पुढे मॅन्युअल मिळवून पाहिलं, तर त्या बोल्टला लागत होतं जेमतेम ३० न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं, माप). पाईप घालून मी त्याच्या तिप्पट तरी लावलं असेल. गंमत पुढेच आहे. त्याच कॅलिपरच्या मागे, वीतभर अंतरावर आणखी दोन बोल्ट आहेत, आणि त्यांना पाईप न घालता नुसत्या मनगटाने "घट्ट" केलं असतं तर ते धोकादायक इतके ढिले राहिले असते.

हा फरक कशामुळे, हे समजायचं तर आधी कॅलिपर काय करतो ते पाहू.

बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे फ्लोटिंग कॅलिपर असतो. त्यात पिस्टन एकाच बाजूला असतो. पाय दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या उलट रेट्याने अख्खा कॅलिपर आतल्या बाजूला सरकून बाहेरचा पॅडही डिस्कवर ओढतो. म्हणजे कॅलिपर मोकळेपणाने सरकलाच पाहिजे. तो ज्यांच्यावर सरकतो त्या दोन गुळगुळीत दांड्या म्हणजे गाइड पिना, त्यांच्यावर धूळ जाऊ नये म्हणून रबरी बूट असतात. कॅलिपर या पिनांना ज्या छोट्या बोल्टांनी जोडलेला असतो ते झाले पहिल्या प्रकारचे बोल्ट. बहुतेकदा ८ मिलिमीटर जाडीचे, १२ किंवा १४ नंबरचा पाना लागणारे. त्यांची गरज साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटर.

या पिना ज्या ओतीव लोखंडी चौकटीत सरकतात तो ब्रॅकेट. पॅडही त्यातच बसतात. हा ब्रॅकेट चाकामागच्या नकलला (चाकाला धरून ठेवणाऱ्या जाड धातूच्या भागाला) दोन जाड बोल्टांनी पक्का केलेला असतो. हे दुसऱ्या प्रकारचे बोल्ट: १० ते १४ मिलिमीटर जाडीचे, बऱ्याच गाड्यांत १७ नंबरच्या पान्याचे. त्यांना साधारण ८० ते १२० न्यूटन-मीटर लागतात, मोठ्या गाड्यांना त्याहूनही जास्त. नुसते पॅड बदलायचे तर यांना हात लावायची गरज नसते. डिस्क बदलायची असेल तेव्हा मात्र ते काढावेच लागतात. हे सगळे आकडे अंदाज यावा म्हणून दिलेत. तुमच्या गाडीचा खरा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्येच मिळेल. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत फार तर चाकाच्या नटांचा असतो.

आता एकच प्रश्न: ब्रेक लागला की फिरती डिस्क पॅडना आपल्याबरोबर ओढून न्यायला बघते. त्यांना अडवतं कोण? ब्रॅकेट. कॅलिपर फक्त चिमटा काढतो, ओढ सगळी ब्रॅकेटवर येते आणि ब्रॅकेटकडून त्या दोन जाड बोल्टांवर. छोट्या बोल्टांना त्या मानाने निवांत नोकरी आहे. दोघांच्या आकड्यांत तिप्पट फरक आहे तो यामुळे.

बोल्ट म्हणजे ताणलेला दोर

ट्रकवर ताडपत्री टाकून दोर आवळतात ते आठवा. माल जागचा हलत नाही, कारण दोर ताणलेला असतो आणि त्या ताणामुळे पोती एकमेकांवर दाबली जातात. दोर तुटला नसला तरी सैल पडला की पहिल्या वळणाला माल सरकतो.

बोल्टचंही असंच आहे. आपल्याला वाटतं, बोल्ट म्हणजे खुंटी, दोन भोकांतून घातली की झालं. पण आवळताना बोल्ट खरोखर लांब होतो, केसाच्या जाडीएवढा का होईना. पोलाद स्प्रिंगसारखं ताणलं जातं आणि आकसायला बघतं, त्या आकसण्याच्या ओढीने ब्रॅकेट नकलवर दाबला जातो. ब्रॅकेटला जागेवर धरून ठेवतं ते या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. बोल्टचं काम फक्त दाबून धरायचं. सगळं ठीक असेल तर ब्रेकचा आडवा धक्का बोल्टच्या अंगाला लागतही नाही.

ढोबळ हिशेब करून पाहू. माणसं धरून गाडी ११०० किलोची. जोरात ब्रेक दाबला तर रस्त्याकडून टायरांवर साधारण ८५० ते ९०० किलो वजनाइतकं बल उलटं येतं. गाडी पुढे झुकत असल्याने त्यातला सुमारे ७० टक्के वाटा पुढच्या दोन चाकांचा, म्हणजे एका चाकाला ३०० किलोच्या आसपास. पण टायरची त्रिज्या सुमारे २८ सेंटिमीटर आणि पॅड डिस्कला धरतो तो भाग केंद्रापासून जेमतेम १० सेंटिमीटरवर. तरफेच्या नियमाने पॅडवर येणारी ओढ पावणेतीन पट होते: ८००-८५० किलो. एका ब्रॅकेटवर इतकं.

आता दुसरी बाजू. १२ मिलिमीटरचा कोरडा बोल्ट १०० न्यूटन-मीटरने आवळला तर त्यात साधारण ४ टन ताण येतो. दोन बोल्ट, ८ टन दाब. धातूवर धातूची पकड दाबाच्या १५ टक्के धरली तर ब्रॅकेट सरकायला १२०० किलो लागतील. ८५० समोर १२००, म्हणजे जमतंय. तेच बोल्ट निम्म्याने आवळले तर पकड उरते ६०० किलोची. हातालाही ते घट्ट लागतील, पानाही मागे येणार नाही. आणि प्रत्येक जोरदार ब्रेकला ब्रॅकेट केसभर सरकेल.

हे केसभर सरकणंच घातक. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिलं, की बोल्ट आपोआप सुटतात ते मुख्यतः आडव्या सरकण्याने. जोडलेले भाग आडवे हलले की आट्यांमधलं घर्षण क्षणभर नाहीसं झाल्यासारखं होतं आणि ताणलेला बोल्ट स्वतःच उलटा फिरायला लागतो, प्रत्येक झटक्याला थोडाथोडा. स्प्रिंग वॉशरवर आपल्याकडे फार श्रद्धा आहे. पण पुरेसा आवळलेल्या बोल्टखाली तो वॉशर पूर्ण चपटा होऊन बसतो, आणि आडव्या हालचालीपुढे त्याचा फारसा निभाव लागत नाही. गाडी बनवणाऱ्याने दिला असेल तर जरूर घाला, नसेल तर आपल्या मनाने घालू नका.

असा बोल्ट सुटत गेला की आधी आवाज येतो. रिव्हर्स घेऊन ब्रेक दाबला की "टक्", पुढे जाऊन दाबला की पुन्हा "टक्". हा आवाज ऐकू आल्यावर गाडी चालवत राहू नये. छोटा बोल्ट पडला तर कॅलिपर उघडून चाकाच्या रिमला आतून घासतो. ब्रॅकेटचा बोल्ट पडला तर ब्रॅकेट डिस्कबरोबर फिरून रिममध्ये अडकू शकतो, ब्रेकची होज (ऑइलची रबरी नळी) तुटते आणि ऑइल रस्त्यावर.

उलट टोकही बघा. तोच १०० न्यूटन-मीटरचा जोर ८ मिलिमीटरच्या छोट्या बोल्टवर लावला तर हिशेबाने त्यात सहा टनांवर ताण यायला हवा. ८.८ दर्जाचा (बोल्टच्या ताकदीचा नेहमीचा दर्जा) असा बोल्ट तीन टनांच्या अलीकडे-पलीकडे तुटतो. म्हणजे १०० पर्यंत पोचायच्या आतच बोल्ट तरी तुटणार किंवा आटे तरी जाणार. माझ्या रविवारचं उत्तर यात आहे.

जोर जातो कुठे

सगळ्यात फसवी बाब ही, की आपल्याला हवा असतो ताण आणि मोजतो आपण पिळण्याचा जोर. या दोघांच्या मध्ये घर्षण बसलेलं असतं, आणि ते मोठं खादाड आहे. पान्यावर लावलेल्या शंभर भागांतले साधारण ५० बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातात, ४० आट्यांच्या घर्षणात. बोल्ट ताणायला उरतात दहा.

म्हणून आट्यांची अवस्था फार महत्त्वाची. आटे गंजलेले असतील तर ४० चे ४५ होतात आणि ताण निम्म्यावर येतो. टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला पोचला की आवाज करणारा पाना) मात्र बरोबर आकड्याला "कट्" म्हणतो. कोकणात, समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हे नेहमीचं आहे, दोन पावसाळ्यांत बोल्ट लाल होतात. तारेच्या ब्रशने आटे चकचकीत करा. ब्रॅकेट आणि नकल जिथे एकमेकांना टेकतात तेही पृष्ठभाग घासा. तिथे गंजाचा किंवा रंगाचा थर राहिला तर तो पुढे दबून बसतो, आणि तेवढ्याने बोल्टचा ताण उतरतो. बोल्ट ताणला गेलाय केसभरच, त्यामुळे केसभर थर दबला तरी बरंच काही गेलं.

उलट चूक म्हणजे आट्यांना ग्रीस लावणं. "पुढच्या वेळी सहज निघेल" म्हणून लावतात. घर्षण कमी झालं की त्याच आकड्याला ताण सहज तीस-चाळीस टक्के जास्त येतो, आणि बोल्ट पार खेचला जातो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर आटे कोरडेच ठेवा. ग्रीस लागतं ते गाइड पिनच्या गुळगुळीत भागाला, तेही ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस तिथे चालत नाही, कारण ब्रेकमधलं रबर खनिज तेलाने फुगतं. बूट फुगला की पिन अडकते, पिन अडकली की एकच पॅड झिजतो, आणि मग आपण म्हणतो कंपनीचे पॅड खराब.

काही गाड्यांच्या ब्रॅकेट बोल्टांवर निळसर किंवा अन्य रंगाचा सुकलेला थर दिसतो, तो थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव. १९५३ साली अमेरिकेत व्हर्नन क्रीबल या प्राध्यापकांनी हे द्रव्य तयार केलं, लॉक्टाइट नावाने ते जगभर गेलं. बाटलीत पातळच राहतं, पण हवा बंद होऊन धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतं. म्हणून ते बाटलीत अर्धी जागा हवेसाठी ठेवून विकतात. मॅन्युअल सांगत असेल तर जुना थर घासून काढा, आटे ब्रेक क्लीनरने कोरडे करा आणि निळं, मध्यम ताकदीचं, दोन थेंब लावा. लाल लावलंत तर पुढच्या माणसाला बोल्ट सोडवायला तो तापवावा लागेल, आणि पुढचा माणूस बहुधा तुम्हीच असाल.

काही युरोपीय गाड्यांत ब्रॅकेटचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. त्यांना आधी ठरावीक जोर आणि मग ठरावीक अंश फिरवायचं असतं, त्यात ते कायमचे ताणले जातात. ते परत वापरणं म्हणजे सैल पडलेल्या इलॅस्टिकची चड्डी पुन्हा घालणं.

मोजायचं कशाने

टॉर्क पाना घ्यायचा तर क्लिकवाला पुरेसा आहे. पण एकच पाना दोन्ही बोल्टांना चालेलच असं नाही. कोणताही क्लिक पाना त्याच्या मापनाच्या अगदी तळाला भरवशाचा नसतो, त्यामुळे २०० पर्यंतच्या पान्यावर ३० मोजू नये. चांगला पाना साधारण चार टक्के इकडेतिकडे असतो, आणि या कामाला ते भरपूर आहे. त्याने बोल्ट सोडवू नका, काम झालं की आकडा सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवा, आणि मूठ जिथे धरायची तिथेच धरा. "कट्" झालं की थांबा. खात्रीसाठी दुसऱ्यांदा कट् करायची फार जणांना सवय असते, आणि प्रत्येक वेळी बोल्ट आणखी थोडा फिरलेला असतो.

पान्यावर बहुतेक वेळा दोन पट्ट्या असतात, एक न्यूटन-मीटरची आणि एक फूट-पाउंडाची. परदेशी व्हिडिओ पाहून काम करताना इथे गोंधळ होतो. तिकडचे ३० फूट-पाउंड म्हणजे आपले ४० न्यूटन-मीटर. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर (kg-m) असतं, त्याला ९.८ ने गुणायचं.

टॉर्क पाना नसेल तर? सामान तोलायचा हुकाचा काटा बऱ्याच घरांत असतो. रिंग पान्याच्या टोकाला तो अडकवा आणि पान्याला काटकोनात ओढा. जितके किलो दिसतील ते गुणिले पान्याची मीटरमधली लांबी गुणिले ९.८ म्हणजे न्यूटन-मीटर. लांबी मोजायची ती बोल्टच्या मध्यापासून हुकापर्यंत. २० सेंटिमीटरचा पाना असेल तर ३० न्यूटन-मीटरसाठी १५ किलो. ३० सेंटिमीटरच्या दांडीने ८५ हवे असतील तर २९ किलो. जुगाड आहे खरं, पण "कचकचून"पेक्षा शंभर पट बरं. हाच हिशेब उलटा करून स्वस्तातला टॉर्क पाना तपासताही येतो. पान्याचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये धरायचं, पाना आडवा ठेवायचा आणि ४० सेंटिमीटरवर वाण्याकडचं १० किलोचं वजन टांगायचं. पान्याचं स्वतःचं थोडं वजन धरून ४० न्यूटन-मीटरच्या आसपास क्लिक यायला हवा.

आता प्रत्यक्ष काम. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कधीच नाही. सपाट जमीन, मागच्या चाकांना ओंडके, आणि खाली लोखंडी स्टँड. विटा नकोत, त्या एकाएकी फुटतात. गोटी (बोल्टच्या डोक्यावर बसणारं सॉकेट) सहा कोनी घ्या. बारा कोनी पान्याने गंजलेल्या बोल्टचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडा. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला टांगा. पिस्टन आत ढकलताना वर टाकीत ब्रेक ऑइल चढतं. ते काठोकाठ भरलेलं असेल तर आधी थोडं काढून घ्या, रंगावर सांडलं तर रंग जातो.

बोल्ट घालताना आधी बोटांनी फिरवा. चार-पाच फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत. नाही गेले तर आटे तिरके बसलेत, काढा आणि पुन्हा लावा. दोन्ही बोल्ट बोटांनी लागल्यावरच पान्याला हात घाला, नाहीतर एक घट्ट केल्यावर दुसऱ्याचं भोक जुळत नाही. मग निम्म्या जोराने दोन्ही, त्यानंतर पूर्ण आकड्याला दोन्ही. गाइड पिनचा बोल्ट आवळताना पिनही बरोबर फिरू लागते. तिच्या मानेवर दोन सपाट कडा असतात, तिथे पातळ पाना धरून ठेवा. नाहीतर रबरी बूटला पीळ बसतो, बूट फाटतो आणि आत पाणी जातं. वरची आणि खालची पिन काही गाड्यांत वेगळी असते, एकीला टोकाशी रबरी बुश असतो. त्यांची अदलाबदल करू नका. हवेच्या गनने सोडवायला हरकत नाही, आवळायला नको.

चाकाचे नटही याच कुटुंबातले. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, समोरासमोर क्रमाने, चाक जमिनीला टेकल्यावर. पान्यावर उभं राहून आवळायची आपल्याकडे पद्धत आहे. ७० किलोचा माणूस २५ सेंटिमीटरच्या दांडीवर उभा राहिला की १७० न्यूटन-मीटर होतात, आणि उडी मारली तर विचारूच नका. नट वेडेवाकडे आवळले गेले तर डिस्क थोडी तिरकी दबते आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. लोक नंतर डिस्क बदलत बसतात.

गाडी सुरू करायच्या आधी ब्रेक पेडल चार-सहा वेळा दाबा. पिस्टन मागे ढकललेला असल्यामुळे पहिले दोन-तीन दाब पोकळ जातात. ते गेटच्या बाहेर, रिक्षासमोर कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये कळलेले बरे.

आणि घरातून एक नेलपॉलिशची बाटली आणा, रंग कोणताही. आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून सुरू होऊन शेजारच्या धातूवर संपेल अशी एक सरळ रेघ ओढा. शंभरेक किलोमीटर झाले की टॉर्च घेऊन बघा. रेघ सरळ असेल तर पाना लावू नका, कारण उगाच पुन्हा आवळलं तर सुकलेला थ्रेडलॉकर तुटतो. रेघ तुटून दोन तुकड्यांत सरकलेली दिसली तर बोल्ट फिरलाय, आणि तो नुसता आवळून चालणार नाही. काढून, पृष्ठभाग घासून, पुन्हा पहिल्यापासून.